निशाणी आणि कलम

जुन्या काळचीं खेड्यांतील कागदपत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस एक गोष्ट सहज आठवेल. महजर असो, कतबा असो, कीं जमिनीचें खरेदीखत असो, कागदाच्या शेवटीं पाटलाच्या नांवापुढें पुष्कळदां सही नसते. तेथें नांगराची लहानशी आकृति काढलेली असते, व तिला 'निशाणी नांगर' असें म्हणत. गांवांतील दुसऱ्या वतनदारांच्याही आपापल्या धंद्याच्या अशाच निशाण्या असत. त्याच कागदावर आणखी एक नांव येतें आणि त्याच्याजवळ 'बिकलम' हा शब्द असतो. म्हणजे हा कागद अमक्याच्या कलमानें लिहिला. निशाणी एकाची आणि कलम दुसऱ्याचें, ही आमच्या खेड्यांतील लेखी व्यवहाराची कित्येक पिढ्यांची रीत होय. ज्याची जमीन, ज्याचें कर्ज, ज्याचा दंड, त्यानें खालीं नांगर काढावा. वर काय लिहिलें आहे हें मात्र ज्याच्या हातीं कलम त्यालाच ठाऊक असावें!

प्रस्तुत निबंधाचा विषय संगणक, इंटरनेट व मोबाइल हीं नवीं साधनें गांवांतील सामान्य माणसांच्या उपयोगांत आणण्यासाठीं आपल्या देशांत जे प्रयत्न झाले त्यांचा इतिहास हा आहे. अशा विषयाच्या आरंभीं नांगराची निशाणी कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेंच कीं, या पंचवीस-तीस वर्षांच्या इतिहासाकडे जों जों पाहावें तों तों त्यांतील खरा प्रश्न तोच जुना असल्याचें दिसून येतें. गांवांत यंत्र आलें कीं नाहीं, तें चालतें कीं नाहीं, हे प्रश्न महत्त्वाचे खरे. पण ते पहिल्या पायरीचे. त्यापुढचा प्रश्न असा कीं, यंत्र आल्यावर कलम कोणाच्या हातीं राहिलें?

गांवचा कुलकर्णी स्वभावतःच दुष्ट असे असें समजण्याचें कारण नाहीं. पुष्कळ कुलकर्णी गांवचे खरे हितकर्ते होते. परंतु दप्तर एका घरांत, मोडी लिपि त्याच घराला अवगत, आणि हें वतन बापाकडून मुलाकडे जाणारें. अशा स्थितींत चांगुलपणा ही त्या मनुष्याची मर्जी ठरते, दुसऱ्याचा हक्क ठरत नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या दैन्याचीं कारणें मांडलीं, त्यांत लेखणीच्या या सत्तेवर कडाडून प्रहार आहे. केवळ प्रहार करून ते थांबले नव्हते. त्याच्या कितीतरी आधीं, १८५५ सालीं, दिवसभर राबणाऱ्या लोकांसाठीं त्यांनीं व सावित्रीबाईंनीं रात्रीची शाळा काढली होती. पुढें वतनदार कुलकर्ण्याची जागा हळूहळू पगारी तलाठ्यानें घेतली, आणि १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतन संपुष्टांत आलें. वतन कायद्यानें जातें; पण ज्याला वाचतां येत नाहीं त्याचें परावलंबन कायद्यानें जात नाहीं. तें घालविण्याचे जे दोन मोठे प्रयत्न मराठी माणसांच्या परिचयाचे आहेत, त्यांचें येथें थोडें स्मरण केलें पाहिजे. पुढें संगणकाच्या बाबतींत जें घडलें त्याची किल्ली तेथेंच सांपडते.

पहिला प्रयत्न बडोद्याचा. सयाजीराव गायकवाड यांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केलें, आणि १९०६ सालीं तें सर्व संस्थानास लागू केलें. पण शाळा सोडल्यावर ज्याच्या हातीं पुन्हां पुस्तक पडत नाहीं त्याचें शिक्षण विरून जातें, हें त्या चाणाक्ष राजाच्या ध्यानीं आलें. अमेरिकेच्या प्रवासांत तेथील सार्वजनिक ग्रंथालयें त्यांनीं पाहिलीं होतीं. १९१० सालीं त्यांनीं तेथून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून आणलें व ग्रंथालयांचें निराळें खातेंच उभें केलें. पुस्तकांनीं भरलेल्या लांकडी पेट्या खेडोपाडीं फिरूं लागल्या. ज्यांस वाचतांच येत नव्हतें त्यांच्यासाठीं चित्रें दाखवून ज्ञान देण्याची सोय त्याच खात्यानें केली. गांवानें कांहीं रक्कम उभी केली म्हणजे सरकार व पंचायत आपापली भर घालीत. शिक्षण आणि साधन यांची फारकत होऊं द्यावयाची नाहीं, आणि साधनाची कांहीं जबाबदारी गांवानें स्वतः उचलावयाची, हीं दोन तत्त्वें या योजनेंत स्पष्ट दिसतात.

दुसरा प्रयत्न सातारा जिल्ह्यांतला. तेथें १९५९ सालीं ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढें ती महाराष्ट्रभर पसरली. तिचें वैशिष्ट्य असें कीं, सुटीं माणसें साक्षर करण्याऐवजीं संबंध गांव साक्षर करण्याची ती प्रतिज्ञा होती. शाळेंतील गुरुजी, शिकलेले तरुण, गांवचे पुढारी हे सर्व त्यांत ओढले गेले. आणि प्रतिज्ञा पुरी झाली म्हणजे ग्रामगौरव समारंभ होई. ज्या गांवानें आपली प्रतिज्ञा पार पाडली त्याचा तो खराच गौरव होता. परंतु समारंभाचे मांडव उतरल्यावर जेथें वाचावयास कांहीं उरलें नाहीं आणि वाचण्याचें कारणही उरलें नाहीं, तेथें कष्टानें मिळविलेलीं अक्षरें हळूहळू पुसलीं गेलीं. बडोद्याचा अनुभव पन्नास वर्षांनीं दुसऱ्या बाजूनें पुन्हां सिद्ध झाला, एवढाच याचा अर्थ.

आतां संगणकाकडे वळूं. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो खेड्यांत नेण्याचे प्रयत्न आपल्याकडे सुरू झाले. त्या वेळीं टेलिफोनदेखील पुष्कळ गांवांत दुर्मिळ होता, वीज लहरी होती, आणि संगणकाची किंमत एखाद्या शेतकऱ्याच्या वर्षाच्या मिळकतीहून अधिक होती. अशा काळांत १९९८ सालीं चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानानें पुदुच्चेरीनजीकच्या खेड्यांत ज्ञानकेंद्रें उघडलीं. विल्लियनूर येथें मुख्य ठाणें. तेथून बिनतारी संदेशयंत्रानें आसपासचीं गांवें जोडलेलीं. विजेचा भरंवसा नाहीं म्हणून सौरपट्ट्या बसविलेल्या. पण या योजनेची खरी थोरवी यंत्रांत नव्हती. प्रतिष्ठानाच्या लोकांनीं आधीं गांवकऱ्यांस विचारलें कीं, तुम्हांला काय जाणून घ्यावयाचें आहे? मग अट घातली कीं, जागा गांवानें द्यावी, काम करणारे स्वयंसेवक गांवानें द्यावे, आणि केंद्राचें दार कोणत्याही जातीच्या स्त्रीपुरुषास खुलें असावें. स्वयंसेवकांत पुष्कळ स्त्रिया होत्या. एंबलम येथें तर हें केंद्र देवळाच्या आवारांत भरे.

वीरमपट्टिनम हें या योजनेंतील कोळ्यांचें गांव. तेथील लोकांस बाजारभावापेक्षांही समुद्राची चिंता अधिक. अमेरिकेच्या नौदलाच्या संकेतस्थळावर पुढील चोवीस तासांतील लाटांच्या उंचीचे अंदाज प्रसिद्ध होत. ते विल्लियनूरला उतरवून घेऊन तमिळमध्यें सांगितले जात आणि गांवच्या कर्ण्यावरून सर्वांस ऐकूं जात. संगणक एक, त्यावर बसणारी मुलगी एक; पण बातमी किनाऱ्यावर जाळें विणीत बसलेल्या प्रत्येकाची. कलम एका हातीं असूनही कागदावरील मजकूर सर्वांसमोर मोठ्यानें वाचला जावा, तशांतला हा प्रकार होता.

या कर्ण्याचें मोल २६ डिसेंबर २००४ रोजीं कळून आलें. त्सुनामीच्या त्या सकाळीं नल्लवाडू या सुमारें साडेतीन हजार वस्तीच्या कोळीवाड्यांतला, पूर्वीं याच ज्ञानकेंद्राच्या कामांत असलेला एक तरुण सिंगापुरांत होता. तेथें दूरचित्रवाणीवर समुद्र खवळल्याची बातमी पाहतांच त्यानें घरीं फोन केला. घरच्यांनीं गांवास सावध केलें, केंद्रांतील कर्ण्यावरून हाक दिली गेली, आणि लोक किनारा सोडून धांवले. कित्येक घरें लाटेनें नेलीं, होड्या नेल्या. पण गांवांतील माणसें वांचलीं. येथें संगणकानें कोणतेंही विलक्षण काम केलें नाहीं. काम केलें तें एका टेलिफोननें, एका कर्ण्यानें, आणि या कर्ण्यावरून येणारी हाक खरी असते या सहा वर्षांत जमलेल्या विश्वासानें. तो विश्वास कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं.

ज्या वर्षीं पुदुच्चेरीचें काम सुरू झालें त्याच वर्षीं, म्हणजे १९९८ सालीं, आपल्या वारणेच्या खोऱ्यांतही एक मोठा प्रयोग आरंभला गेला. तात्यासाहेब कोरे यांनीं उभारलेल्या वारणानगरच्या सहकारी कारखान्याच्या परिसरांतील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गांवें संगणकानें जोडण्याची ती योजना. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह असे तिघे तींत भागीदार होते. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सरकारी दाखले हें सर्व गांवांतच मिळावें असा संकल्प होता. प्रत्यक्षांत त्या केंद्रांचा मुख्य उपयोग उसाच्या हिशेबाकडे झाला. नोंद कोणाची किती, तोड कधीं, ऊस किती भरला, खत किती उचललें, याची विचारपूस करावयास शेतकरी केंद्रावर येत. हाही उपयोग थोडा नव्हे. पूर्वीं ज्यासाठीं कारखान्यापर्यंत खेप घालावी लागे तें काम गांवांत होऊं लागलें. परंतु यंत्र चालविणारा केंद्रचालकच राहिला, आणि इंटरनेट बहुधा नांवापुरतें राहिलें.

पुढें २००६ सालीं कांहीं संशोधकांनीं हें सर्व बारकाईनें पाहिलें तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, एवढ्या कामासाठीं संगणकाची आवश्यकताच नाहीं. शेतकऱ्यांच्या खिशांत तोंवर साधे मोबाइल आले होते. कांहीं गांवांत असा प्रयोग केला गेला कीं, शेतकऱ्यानें आपल्या मोबाइलवरून लहानसा संदेश पाठवावा आणि त्याच्या उसाचा हिशेब त्यास तेथेंच उत्तरादाखल मिळावा. यंत्र मोठ्याचें लहान झालें. पण कलम एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें. मध्यरात्रींही, शेताच्या बांधावरूनही, कोणाची मर्जी न राखतां आपला हिशेब आपण विचारतां येऊं लागला. साधन जितकें थोर तितकी प्रगति अधिक, हा समज ज्यांचा असेल त्यांनीं वारणेच्या या धड्याचा अवश्य विचार करावा.

पूर्वीं पवारांचें संस्थान असलेल्या धार जिल्ह्याचा अनुभव आणखी निराळा. तेथें १ जानेवारी २००० रोजीं 'ज्ञानदूत' नांवाची योजना सुरू झाली. गांवोगांवीं 'सूचनालयें' निघालीं. तेथें बसणारा गांवचाच तरुण, त्यास 'सूचक' म्हणत. थोड्या पैशांत मंडीचे भाव, जमिनीच्या नोंदीची नक्कल, सरकारदरबारीं तक्रार अशा सोयी मिळूं लागल्या. त्याच वर्षीं या योजनेस स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालें. पण वीज जाई, टेलिफोनची तार बंद पडे. आणि त्याहून मोठी अडचण ही कीं, सूचनालयांतून क्षणांत निघालेला अर्ज कचेरींतील टेबलावर पोहोंचल्यावर जुन्याच गतीनें चाले. उत्तर येत नाहीं असें दिसलें म्हणजे मनुष्य प्रश्न विचारणें सोडून देतो. पारितोषिकाची वार्ता जगभर पसरली असतांनाच सूचनालयांतील वर्दळ रोडावत गेली. कलम शेतकऱ्याच्या हातीं देऊन कागद वाचणाराच जर जागेवर नसेल, तर त्या कलमाचा उपयोग काय?

या सर्व प्रयत्नांच्या मुळाशीं आणखी एक अडचण होती, ती भाषेची. संगणक जन्मतः इंग्रजी. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी यांनीं देवनागरीचे सुबक ठसे पाडले तेव्हां मराठी ग्रंथांचें भाग्य उजळलें. तसें कार्य संगणकाच्या बाबतींत कोणी तरी करणें अवश्य होतें. तें कार्य पुण्याच्या सी-डॅक संस्थेसारख्या संस्थांतून झालें. भारतीय लिपींच्या संकेतांचें प्रमाण १९९१ सालीं ठरलें, आणि त्याच वर्षीं जगांतील सर्व लिपींस एका सांकेतिक पद्धतींत गोंवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति देवनागरीसह निघाली. तरीही एका संगणकावर लिहिलेलें मराठी दुसऱ्यावर उघडतांच चौकटींचा खच पडावा, ही दशा त्यानंतर कित्येक वर्षें टिकली. महाराष्ट्रांत २००१ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गांवोगांवीं पोहोंचला व लाखों तरुणांनीं तो पुरा केला. सरकारी नोकरीसाठीं तो लागे, हें त्याच्या प्रसाराचें एक मोठें कारण. त्याचा उपयोग निःसंशय झाला. पण ज्यास नोकरी मागावयाची नाहीं अशी गृहिणी, असा शेतमजूर, असा म्हातारा मेंढपाळ त्या वर्गांत सहसा दिसला नाहीं.

या विसरलेल्या माणसांचा विचार मनांत धरून जो प्रयत्न झाला तो केरळांतला. मलप्पुरम हा तेथील जिल्हा. १८ एप्रिल १९९१ रोजीं कोळिकोड येथें केरळ पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा करण्यात आली, तेव्हां ती वाचून दाखविण्याचा मान चेलक्कोडन आयिषा या मलप्पुरम जिल्ह्यांतील नवसाक्षर वृद्ध बाईंस दिला गेला होता. त्याच मलप्पुरमला १८ नोव्हेंबर २००२ रोजीं राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें 'अक्षय' योजनेचा आरंभ झाला. प्रत्येक कुटुंबांतील निदान एका व्यक्तीस संगणक चालवितां यावा, हा तिचा संकल्प. त्यासाठीं घरापासून दोन-तीन किलोमीटरांच्या आंत एक केंद्र, असें सहाशेंहून अधिक केंद्रांचें जाळें पसरलें. अभ्यासक्रम अवघा पंधरा तासांचा आणि मल्याळममध्यें. शुल्काचा मोठा वाटा पंचायतींनीं उचलला, थोडा शिकणाऱ्यानें दिला. बडोद्याच्या पेट्यांची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. या जिल्ह्यांतील असंख्य पुरुष आखाती देशांत कामास गेलेले. त्यामुळें दूरच्या नवऱ्याशीं, मुलाशीं पत्रव्यवहार करण्याची ओढ हाच पुष्कळ स्त्रियांचा पहिला गुरु झाला. २००४ सालीं मलप्पुरम हा देशांतील पहिला संगणक-साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला.

येथवर सर्व यथास्थित झालें. शिकणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर केंद्रचालकांचें उत्पन्न घटलें व कांहीं केंद्रें बंद पडलीं. पण पुष्कळ टिकलीं, आणि दाखले, बिलें, अर्ज यांसाठीं लोक तेथें जाऊं लागले. मात्र या यशाच्या पोटांतच एक उणीव दडलेली होती, ती कालांतरानें उघड झाली. प्रत्येक कुटुंबांतील एक! हें सूत्र ऐकावयास किती वाजवी वाटतें. पण कुटुंबांतील तो एक कोण? बहुधा शिकलेला मुलगा, क्वचित् मुलगी. सासू नव्हे, शेतावर जाणारी सून नव्हे, आजोबा तर नव्हेतच. तो एक शिकला कीं कुटुंब साक्षर धरलें गेलें. मग आईच्या पेन्शनचा संदेश तो वाचणार, आजोबांच्या बँकेचा गुप्त आंकडा तो जाणणार, बहिणीनें कोठला अर्ज करावा हें तो ठरविणार. गांवचें कुलकर्णी वतन मोडलें, आणि घरोघरीं एकेक लहानसें वतन निर्माण झालें. हा दोष केरळापुरता नव्हता. केंद्र सरकारनें २०१७ सालीं ग्रामीण भागासाठीं जी डिजिटल साक्षरतेची मोहीम सुरू केली तिचेंही सूत्र घरटीं एक असेंच होतें. ती २०२४ च्या मार्चमध्यें संपली तोंवर सहा कोटींहून अधिक लोकांनीं तींत शिक्षण घेतलें. काम प्रचंड झालें, यांत वाद नाहीं. परंतु २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें दिसून आलें कीं, इंटरनेट एकदां तरी वापरलेल्या पुरुषांचें प्रमाण शेंकडा ५७ असतांना स्त्रियांचें अवघें ३३ होतें. घरांत दिवा आला होता. पण तो घरांतील सर्वांच्या पानावर उजेड पाडीत नव्हता.

आपली चूक ओळखून ती सुधारण्याचें श्रेयही केरळासच दिलें पाहिजे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यांतील पुल्लमपारा या पंचायतीनें २०२१ सालीं निराळाच हिशेब मांडला. घरें न मोजतां तिनें माणसें मोजलीं. चौदा ते पासष्ट वयांतील ज्या ज्या व्यक्तीस मोबाइलचा उपयोग करतां येत नाहीं तिची नोंद घरोघर फिरून केली. असे तीन हजारांहून अधिक लोक निघाले. त्यांना वर्गांत बोलावण्याऐवजीं शिकविणारेच त्यांच्याकडे गेले. रोजगार हमीच्या कामावर दुपारच्या सुटींत, शेजारणींच्या बैठकींत, ओटीवर, जेथें सवड सांपडेल तेथें धडा झाला. २१ सप्टेंबर २०२२ रोजीं ही पंचायत पूर्णपणें डिजिटल साक्षर म्हणून जाहीर झाली. हीच पद्धति मग राज्यभर नेण्यांत आली. सुमारें अडीच लाख स्वयंसेवक त्या कामीं लागले. एकवीस लाखांहून अधिक लोकांस शिक्षण दिलें गेलें, आणि त्यांत नव्वदी ओलांडलेलीं माणसेंही हजारोंनीं होतीं. २१ ऑगस्ट २०२५ रोजीं केरळ हें डिजिटल साक्षर राज्य झाल्याची घोषणा करण्यात आली. साताऱ्याच्या ग्रामगौरवाचें पुढें काय झालें हें आपण वर पाहिलेंच आहे. तेव्हां घोषणेच्या दिवशींच निकाल लावण्याची घाई कोणी करूं नये. पण घर न मोजतां माणूस मोजला पाहिजे, हें तत्त्व या गांवानें कायमचें शिकविलें.

आतां आपल्या घरचा विचार. महाराष्ट्रांत १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून तर पीक पाहणीची नोंद शेतकऱ्यानें स्वतः आपल्या मोबाइलवरून करावी अशी योजना राज्यभर सुरू झाली. शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावयाचें, आणि आपल्या सातबाऱ्यावर आपणच लिहावयाचें! ज्यास आमच्या खेड्याचा इतिहास ठाऊक आहे त्याच्या अंगावर या वाक्यानें रोमांच उभे राहिले पाहिजेत. निशाणी आणि कलम शेतकऱ्याच्या एकाच हातीं देण्याचा हा अपूर्व प्रसंग होय. पण ज्याला तो मोबाइल चालवितां येत नाहीं त्याच्यासाठीं याच योजनेचा अर्थ उलटा होतो. नोंद न झाली तर पीक विमा, नुकसानभरपाई, कर्ज यांत अडचण. म्हणून त्यास कोणाची तरी विनवणी करणें भाग. तलाठ्याविरुद्ध दाद मागावयास निदान कचेरी होती. शेजारच्या पोरानें चुकीचें पीक नोंदलें तर दाद कोणाकडे मागावयाची?

आणि अंगठ्याची गोष्ट तर त्याहून विलक्षण आहे. ज्यास सही येत नाहीं त्यास आम्ही 'अंगठेबहाद्दर' म्हणून हिणवीत आलों. आज रेशनच्या दुकानांतील यंत्रावर शिकलेला व न शिकलेला दोघेही अंगठाच टेंकतात! पण तेथेंही विषमता सुटली नाहीं. ज्यानें आयुष्यभर दगड फोडले, विटा वाहिल्या, भांडीं घांसलीं, त्याच्या बोटांवरील रेघाच झिजून गेलेल्या असतात. यंत्र त्याला ओळखीत नाहीं. कोणत्याही तालुक्याच्या गांवीं सेवाकेंद्रासमोर घटकाभर उभें राहावें. एखादी म्हातारी येते, पदराच्या गांठींतून मोबाइल काढते, तो खिडकीआंतील तरुणाच्या हातीं देते. मोबाइलवर आलेले आंकडे तो मोठ्यानें वाचतो, यंत्रांत घालतो, तिचा अंगठा टेंकवितो, आणि 'आजी, झालें' म्हणून सांगतो. काय झालें, हें तिला ठाऊक नसतें. तो तरुण बहुधा प्रामाणिकच असतो. पण हेंच आम्ही कुलकर्ण्याबद्दलही म्हटलें आहे. निशाणी नांगराची जाऊन अंगठ्याची आली. बिकलम मात्र होतें तसेंच राहिलें.

कोणी म्हणेल, प्रत्येकानें सर्व शिकलें पाहिजे हा हट्ट कशाला? आपण औषध वैद्याकडून घेतों, दावा वकिलाकडून चालवितों. तसें यंत्राचें काम यंत्र जाणणाऱ्याकडून करून घेतलें तर बिघडलें कोठें? आक्षेप विचारार्ह आहे, आणि मदतनीस नसावेतच असें कोणीही म्हणणार नाहीं. पुदुच्चेरीच्या केंद्रांतील मुलगी मदतनीसच होती. परंतु वकील बदलतां येतो, वैद्याचें औषध सोडतां येतें. आणि त्यांनीं काय केलें हें ढोबळमानानें तरी कळतें. जेथें मदतनीस बदलण्याची सोय नाहीं, त्यानें काय लिहिलें हें वाचण्याची शक्ति नाहीं, आणि त्यावांचून धान्य व मजुरी मिळत नाहीं, तेथें मदतीचें रूपांतर सत्तेंत व्हावयास वेळ लागत नाहीं. म्हणून किमान शिक्षणाची मर्यादा अगदीं लहान ठेवली तरी चालेल. आपल्या नांवावर काय नोंदलें गेलें हें वाचतां यावें, आपल्या खात्यांत काय आलें हें पाहतां यावें, आणि कोणता आंकडा कोणासही सांगावयाचा नाहीं हें कळावें. एवढें ज्यास आलें तो बाकीच्या कामांस खुशाल मदतनीस ठेवो. तो त्याचा धनी राहील, आश्रित होणार नाहीं.

या कामांत सरकारचा वाटा मोठा आहे, संस्थांचाही आहे. पण हा इतिहास वाचणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांचा वाटा त्यांच्या स्वतःच्या उंबरठ्याआंतच आहे. आपल्या घरांतील वडील माणसाचा मोबाइल आपण किती वेळां उतावळेपणानें हातांतून ओढून घेतों आणि 'द्या इकडे, मी करतों' असें म्हणतों! काम अर्ध्या मिनिटांत होतें, आणि तें माणूस होतें तेथेंच राहतें. आपल्याकडे धुणीभांडीं करणाऱ्या बाईच्या खात्यांत पगार थेट जमा करणें हें चांगलेंच. पण तो जमा झाल्याचा संदेश तिचा तिला वाचतां येतो कीं नाहीं, हें आपण विचारलें आहे काय? रोज एक घटका, तिच्या मोबाइलवर, तिच्या बोटानें, तिच्या भाषेंत, एवढ्यानेंच पुल्लमपाऱ्याचें काम झालें. तेथें दुसरी कोणतीही जादू नव्हती.

जुन्या कागदावरील ती नांगराची आकृति पाहतांना पूर्वीं मौज वाटे. आतां तिच्याकडे पाहिलें म्हणजे ज्या हातानें ती काढली तो हात डोळ्यांपुढें येतो. नांगर अगदीं सरळ रेघांनीं, सावकाश, नीट काढलेला असतो. फाळ, हाळीस, रुमणें सर्व जागच्या जागीं. एवढें रेखीव चित्र काढणाऱ्या त्या हातास आपल्या नांवाचीं चार अक्षरें काढणें अवघड नव्हतें. त्याला तीं कोणी शिकविलीं नव्हतीं, एवढेंच.